‘आंधळा म्हणा ना सरळ!’ : जपून बोलणं हा मान की कीव?

आधी प्रश्न सांगते. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका कंपनीत प्रशासन विभाग सांभाळणाऱ्या बाईंनी तो विचारलाय. त्यांच्याकडे एक अंध सहकारी नव्याने रुजू झाले. बाई त्यांच्याशी बोलताना आणि मेल लिहिताना दर वेळी आठवणीने ‘दृष्टिदिव्यांग’ म्हणायच्या. आठवडाभराने ते हसत म्हणाले, “अहो, आंधळा म्हणा ना सरळ! तुम्ही इतकं अडखळत म्हणता की मलाच अवघडल्यासारखं होतं.” बाई ओशाळल्या. पुढे त्याच महिन्यात ऑफिसच्या एका फॉर्मवर ‘मूकबधिर’ असं छापलं गेलं. ऐकू न येणाऱ्या दुसऱ्या सहकारी त्यावर भडकल्या आणि त्यांनी फॉर्म परत पाठवला. बाई विचारतात, “शब्द जपून वापरणं म्हणजे समोरच्याचा मान राखणं, की मनातून त्याला दुबळा समजणं? एकाला जपलं तर तो हसतो, दुसरीला जपलं नाही तर ती दुखावते. मी करू काय?”

मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात मी २९ वर्षं काढली. वाईट बातमी सांगणं, फॉर्म भरून घेणं, नातेवाइकांची भांडणं सोडवणं आणि अपंगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी माणसांना बोर्डापुढे उभं करणं, हे माझं रोजचं काम. म्हणजे पगार मला एका अर्थी शब्दांचाच मिळत होता. त्या अनुभवावर सांगते की जपून बोलणं मानाचंही असतं आणि किवेचंही, कधी कधी तर एकच शब्द सकाळी मानाचा असतो आणि दुपारी किवेचा. नुसता शब्द उलटापालटा करून ते कळत नाही. मी दोन गोष्टी बघते. तो शब्द ठरवला कुणी? आणि तो वापरून झाल्यावर समोरच्या माणसाच्या हातातलं काही गेलं का?

ही दुसरी गोष्ट मला फार महागात शिकावी लागली.

नोकरीच्या सुरुवातीला मी त्वचारोगाच्या ओपीडीत बसायचे. कुष्ठरोगासाठी वडाळ्याचं ॲकवर्थ रुग्णालय १८९० पासून आहे, पण माणूस पहिल्यांदा तिकडे जात नाही. ‘डाग पडलाय’ म्हणत तो जवळच्या ओपीडीत येतो. चट्टा बधीर निघाला आणि डॉक्टरांनी निदान केलं की समजावून सांगायला त्याला माझ्या टेबलाशी पाठवायचे. आमच्या विभागात एक जुने कर्मचारी होते, ते सरळ ‘महारोग आहे’ म्हणून मोकळे व्हायचे. ऐकणारा केसपेपर तिथेच टाकून निघून जायचा, तो पुन्हा दिसायचा नाही. मी देवनारहून समाजकार्य शिकून आलेली, डोक्यात ताजी पुस्तकं. मी ठरवलं की हा शब्द उच्चारायचाच नाही. “त्वचेचा आजार आहे, गोळ्या घ्या, बरा होईल.” माणसं निवांत होऊन जायची, आणि मला वाटायचं, जमलं बाई आपल्याला!

दोन महिन्यांनी त्यांच्या गोळ्या बंद. नुसत्या त्वचेच्या आजारासाठी कोण महिनोन्‌महिने गोळ्या खाणार? डाग फिका पडला की विषय संपला. कुष्ठरोगाचा औषधोपचार आता सहा किंवा बारा महिन्यांचा असतो, त्या काळी काहींना दोन वर्षं घ्यावा लागायचा. तो अर्ध्यात सुटला तर आजार आत चालूच राहतो आणि नसा निकामी होत जातात. नायगावचा एक भाजीवाला असाच दीड वर्षाने परत आला. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकलेलं. तराजू डाव्या हाताने धरायला लागतो, म्हणाला. मला दोष दिला नाही त्याने. एवढंच विचारलं, “बाई, ह्या आजाराला दुसरं काही नाव आहे का?”

त्या दिवसापासून मी नाव सांगायला लागले. ‘महारोग’ म्हणायचे नाही, ‘त्वचेचा आजार’ही म्हणायचे नाही. ‘कुष्ठरोग’ म्हणायचे आणि त्याच दमात पुढचंही सांगायचे: गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागण्याची भीती जाते, घरातली भांडी वेगळी करू नका. जुन्या कर्मचाऱ्यांच्या शब्दाने माणूस पळायचा, माझ्या शब्दाने तो बेसावध राहायचा. माझा शब्द ऐकायला गोड होता, पण त्या भाजीवाल्याला जे ठाऊक असायला हवं होतं तेच मी त्याच्यापासून काढून घेतलं होतं. हा माणूस हे ऐकू शकणार नाही, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. तुम्ही ज्याला दुबळा समजणं म्हणता, ते हेच.

एक गंमत बघा. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेचं नाव आजही ‘महारोगी सेवा समिती’ आहे. नावात तोच जुना, बोचरा शब्द. आणि आनंदवनात त्या माणसांनी शेती केली, माग चालवले, घरं बांधली. उलट सरकारी कागदावर ‘कुष्ठरोग’ हा सभ्य शब्द रुळून कित्येक वर्षं झाली, तरी कुष्ठरुग्णांना कोंडून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडलं, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून गेलं ते २०१९ मध्ये. म्हणून कुणी ‘आम्ही शब्द बदलला’ असं अभिमानाने सांगितलं की मी विचारते, आणि बाकीचं?

काही जण म्हणतात, हे जपून बोलणं नवं फॅड आहे, इंग्रजी शिकलेल्यांनी आणलेलं. मला हसू येतं. मराठी माणूस निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळसुद्धा आपण फोडत नाही, वाढवतो. घराघरात तोंडं विद्रूप करणाऱ्या रोगाला आपण ‘देवी’ म्हणालो, तीही नुसती नाही, ‘देवी आल्या’ असं आदरार्थी. (आदराने त्या गेल्या नाहीत. लस टोचल्यावर गेल्या.) शब्द जपायची सवय आपल्या हाडीमासी आहे. फक्त ती बहुतेक अशुभ टाळण्यासाठी होती, म्हणजे बोलणाऱ्याची स्वतःची भीती शांत करण्यासाठी. समोरच्याला काय वाटेल हा विचार त्यात असेलच असं नाही. ‘येतो’ म्हणण्यात कुणाचं बिघडत नाही. इस्पितळात मात्र ही सवय घात करते.

लालबागच्या चाळीतला एक माणूस आठवतो. गिरणी कामगार, संपानंतर वॉचमनची नोकरी धरलेला. अन्ननलिकेचा कॅन्सर. मुलगा मला जिन्यात गाठून म्हणाला, “बाबांना सांगू नका, हाय खातील.” मी मान डोलावली. तेव्हा आम्ही सगळेच डोलवायचो. त्यांना म्हणाले, “गाठ आहे काका, शेक द्यायचाय.” (रेडिएशनला आम्ही शेकच म्हणायचो.) त्यांनी मला तीन वेगवेगळ्या दिवशी विचारलं, “गाठ साधीच आहे ना, बाई?” तिन्ही वेळा मी म्हणाले, “उपचार चालू आहेत ना काका, काळजी कशाला करता?” आता वाटतं, तिसऱ्यांदा विचारणाऱ्या माणसाला उत्तर आधीच माहीत असतं, तो फक्त कुणीतरी आपल्याशी खरं बोलेल का ते बघत असतो.

त्यांच्या खोलीची भाडेपावती अजून त्यांच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर होती. गावाहून भावांना बोलवायचं, बसवायचं आणि पावती आपल्या नावावर करून घ्यायची, हे काम ते ‘जरा बरं वाटलं की’ म्हणत पुढे ढकलत राहिले. पाचव्या महिन्यात गेले. पुढे भावांनी खोलीत वाटा मागितला, प्रकरण लघुवाद न्यायालयात गेलं आणि बायको तारखांना हेलपाटे घालत बसली. वर्षभराने मला भेटायला आली तेव्हा म्हणाली, “त्यांना कळलं असतं ना बाई, तर एका रविवारात मिटवलं असतं त्यांनी. भाऊ त्यांचाच शब्द ऐकायचे.” आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांचं मन जपलं होतं. ज्याच्या शब्दाला घरात वजन होतं, नेमका त्यालाच आम्ही बाहेर ठेवलं होतं.

डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाचे २००२ चे नियम सांगतात की आजाराचं गांभीर्य फुगवू नये आणि कमीही करून सांगू नये. पण कुणाला सांगायचं याबद्दल त्यात ‘रुग्ण, त्याचे नातेवाईक किंवा जबाबदार स्नेही’ अशा अर्थाचं कलम आहे. त्या ‘किंवा’तून आमच्याकडची अर्धी घरं निसटतात. पुढच्या काळात मी एक साधी रीत धरली. रिपोर्ट यायच्या आधीच रुग्णाला विचारायचं, “काका, रिपोर्ट आला की तुम्हाला स्वतःला सगळं ऐकायचंय, की मुलाशी बोलू?” बरेच जण म्हणायचे, मला सांगा. काही म्हणायचे, “मुलाला सांगा, मला त्यात घालू नका.” तेही चालतं. न ऐकायचं त्याने स्वतः ठरवलं असेल तर ‘गाठ’ म्हणणं हा मान आहे. तेच आपण त्याच्या वतीने ठरवलं तर शब्द तोच असून ती लबाडी होते, प्रेमळ असली तरी.

आता शब्द ठरवतो कोण, त्याकडे येते. यात मराठीची एक खास गोम आहे आणि तुमच्या सहकाऱ्याच्या हसण्याचं निम्मं उत्तर तिच्यात आहे. आपल्याकडे घरातला शब्द शिवी ठरतो आणि संस्कृत शब्द सभ्य. आंधळा वाईट, अंध चांगला. बहिरा वाईट, कर्णबधिर चांगला. लंगडा वाईट, अस्थिव्यंग चांगला. वेडा नको, मनोरुग्ण म्हणा. म्हातारा नको, ज्येष्ठ नागरिक. या व्यवहारात माणसाचा मान किती वाढतो देव जाणे, बोलणाऱ्याचं शिक्षण मात्र लगेच दिसतं. आणि ज्या बाईने आयुष्यात ‘अस्थिव्यंग’ हा शब्द ऐकलेला नाही, ती उगाच असंस्कृत ठरते.

वसईहून एक कोळीण आपल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाला घेऊन सर्टिफिकेटसाठी यायची. त्याला ती ‘माझा येडा’ म्हणायची, तेही त्याच्या केसांतून हात फिरवत. आमच्याकडे प्रशिक्षणाला आलेल्या मुलीने तिला थांबवलं: “मावशी, असं नाही म्हणायचं. बौद्धिक दिव्यांग म्हणायचं.” बाई गप्प झाली. मग तिने मुलाबद्दल काही सांगितलंच नाही, फक्त विचारलेल्याला हो-नाही. तो रात्री झोपतो का, फिट येते का, एकटा बाहेर जातो का, हे सगळं आम्हाला हवं होतं आणि तिच्याइतकं ते कुणालाच माहीत नव्हतं. प्रशिक्षणार्थी मुलीचा हेतू स्वच्छ होता. पण त्या दिवशी त्या टेबलाशी अपमान झाला तो आईचा, आणि तो सभ्य शब्दाने केला.

म्हणजे कुणीही कुणालाही येडा म्हणावं का? नाही. आईने म्हणणं वेगळं आणि रिक्षाच्या लाइनीत कुणी म्हणणं वेगळं, हे त्या मुलालाही कळत होतं. माणूस स्वतःबद्दल किंवा आपल्या लेकराबद्दल जो शब्द वापरतो, तो आपल्याला आपोआप वापरायला मिळत नाही. तुमचे सहकारी ‘आंधळा म्हणा’ म्हणाले तरी तुमच्या मेलमध्ये मी ‘अंध’च लिहीन. ‘आंधळा’ तेच म्हणतील, आणि तुमची पुरेशी मैत्री झाली की कदाचित तुम्हीही, चहा पिताना. ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ ही म्हण त्यांच्यासमोर तोंडून निघून गेली तर जीभ चावत माफी मागत बसू नका. माझे एक अंध स्नेही ही म्हण आपल्या ऑफिसच्या कारभाराबद्दल इतक्यांदा वापरतात की बाकीच्यांना ती त्यांचीच वाटते.

वरून ठरवून दिलेल्या शब्दाचं काय होतं, हे आपल्या शहराने फार आधी पाहिलंय. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत एक विधेयक आलं, त्यात अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात घालायचा होता. गांधीजींनी रूढ केलेला, सद्‌हेतूचा, गोड शब्द. आंबेडकरांचे सहकारी भाऊराव (दादासाहेब) गायकवाड यांनी विरोध करताना विचारलं, त्याचा आशय असा: आम्ही देवाची माणसं, तर बाकीचे काय राक्षसाची? ज्यांचं नाव ठेवताय त्यांना विचारा तरी, एवढंच म्हणणं होतं. ते ऐकलं गेलं नाही, तेव्हा बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह सभागृहाबाहेर पडले. पुढे १९७२ मध्ये याच मुंबईत तरुण पोरांनी आपल्या संघटनेचं नाव ‘दलित पँथर’ ठेवलं. ‘दलित’ म्हणजे भरडलेला, चिरडलेला. ऐकायला ‘हरिजन’पेक्षा कितीतरी कडू. पण तो त्यांनी स्वतः उचललेला होता आणि ‘कुणी चिरडलं?’ हा प्रश्न त्यात शाबूत होता. २०१८ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्याने वाहिन्यांना ‘दलित’ऐवजी ‘अनुसूचित जाती’ वापरण्याची सूचना केली, तेव्हा विरोध झाला तो ज्यांच्यासाठी हा शब्द आहे त्यांच्याकडूनच.

‘दिव्यांग’चं थोडंफार तसंच आहे. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून तो सुचवला आणि पुढच्या वर्षी केंद्रातल्या विभागाच्या नावात तो आला. आपल्या राज्याचं अपंग कल्याण आयुक्तालयही दिव्यांग कल्याण झालं. अपंगांच्या अनेक संघटनांनी तेव्हाच हरकत घेतली होती: आमच्या अंगात दिव्य काही नाही, आम्हाला रॅम्प पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीनेही २०१९ मध्ये भारताबद्दलच्या निरीक्षणांत या शब्दावर बोट ठेवलं. माझं स्वतःचं मत विचाराल तर मला तो आवडत नाही. त्यात एक दिलासा आहे, आणि दिलासा बहुतेक वेळा दुसरं काही द्यायचं नसतं तेव्हा दिला जातो. पण न्यायाने हेही सांगते की माझ्या ओळखीच्या एका तरुणीला तो मनापासून आवडतो. ती म्हणते, “अपंगमध्ये पहिलंच अक्षर नकाराचं आहे, मला ते गळ्यात नको.” तिच्याशी बोलताना मी दिव्यांग म्हणते. माझं मत तिच्या गळ्यात बांधायचा मला काय अधिकार?

रोजच्या बोलण्यात तर लोक या दोन्हींच्या पलीकडेच असतात. लोकलच्या राखीव डब्याला त्यातून रोज जाणारे ‘हँडिकॅप डबा’ म्हणतात. सर्टिफिकेटच्या रांगेत एकमेकांची ओळख ‘तुम्ही किती टक्के?’ अशी होते, कारण ४० टक्क्यांच्या खाली सवलत नाही. आणि त्या डब्याचं खरं दुखणं पाटीवरचा शब्द हे नाही. धडधाकट माणसं त्यात चढून बसतात आणि उठायला सांगितलं की खिडकीबाहेर बघतात, हे आहे.

शब्द बदलून भागत नाही याचा दुसरा पुरावा म्हणजे ते झिजतात. ‘मंदबुद्धी’ नको म्हणून ‘मतिमंद’ आलं, ते नको म्हणून ‘गतिमंद’, मग ‘विशेष मूल’. आता शाळेच्या मैदानावर पोरं एकमेकांना ‘ए स्पेशल!’ म्हणून चिडवताना मी ऐकलंय. इंग्लंडमध्ये मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेल्यांसाठी काम करणाऱ्या स्पॅस्टिक्स सोसायटीने १९९४ मध्ये नाव बदलून ‘स्कोप’ केलं, कारण ‘स्पॅस्टिक’ ही शिवी झाली होती. पुढे पोरांनी ‘स्कोपर’ अशी नवी शिवी काढली. मुंबईत १९७२ मध्ये सुरू झालेल्या स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियानेही पुढे नाव बदललं. मी त्यांना हसत नाही. शिवी झालेला शब्द रोज दारावर वागवायला कुणाला आवडेल? पण नवं नाव किती वर्षं टिकेल, ते त्या मुलांना बाकीच्यांच्या शेजारच्या बाकावर बसायला मिळतं की नाही यावर ठरतं.

बायकांच्या बाबतीतलं एक उदाहरण घेतेच, कारण त्यात माझा जीव अडकलाय. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. शब्दाला हातही लावला नाही, प्रथेला लावला. वर्षभराने, एप्रिल २०२३ मध्ये, राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांकडून ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ म्हणावं असा प्रस्ताव पुढे आला. त्यावर ओरड झाली, आणि ही फक्त चर्चा आहे, निर्णय नाही, असा खुलासा आला. गं. भा. हा आपल्या लग्नपत्रिकांतला जुनाच शिक्का. माझ्या आजीच्या नावामागे तो होता, आणि त्या दोन अक्षरांमुळे तिला हळदीकुंकवाचं बोलावणं येत नसे. गंगेइतकी पवित्र म्हणायचं आणि ओटी भरायला दारात उभं करायचं नाही! आणि माझ्या टेबलाशी येणाऱ्या विधवेला पैसे मिळायचे ते ‘संजय गांधी निराधार अनुदान योजने’तून. वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत आहे हे दाखवायचं आणि चार घरची धुणीभांडी करून तीन पोरं वाढवणाऱ्या बाईने स्वतःला ‘निराधार’ म्हणवून घ्यायचं. एकीने मला विचारलं, “मी निराधार कशी? सगळं घर माझ्या आधारावर उभं आहे.” मी म्हणाले, बाई, सही करा, पैसे घ्या. त्या वेळी शब्दाशी भांडत बसणं मला परवडलं असतं, तिला नाही.

खरं सांगायचं तर अपमान नामात कमी आणि सर्वनामात जास्त असतो. नोंदणीच्या खिडकीवरचा कारकून ‘दिव्यांग बांधव’ म्हणतो आणि मग चाकाच्या खुर्चीतल्या चाळिशीच्या माणसाकडे न बघता त्याच्या बायकोला विचारतो, “यांना सही येते का?” तो माणूस वकील होता. अंध माणसाला न विचारता दंडाला धरून रस्ता पार करवतात. त्याला रस्ता ओलांडायचा होता की तो बसची वाट बघत होता, कोण बघतो! पन्नाशीच्या बाईला ‘तू’ आणि ‘बाळा’ म्हणतात, का तर ती बोलताना अडखळते. आमच्या वॉर्डात सफाई करणाऱ्या बायकांना सगळे ‘मावशी’ म्हणायचे, मीही म्हणायचे. एकदा त्यांतल्या एकीने विचारलं, “मावशी म्हणता, मग कप वेगळा का ठेवता?” कप दुसऱ्या दिवशी एक झाले. ‘मावशी’ मात्र मी म्हणत राहिले, तिलाच ते आवडायचं.

‘मी स्पष्टवक्ता, मला हे गुळमुळीत जमत नाही’ म्हणणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. इतकंच, की हा स्पष्टपणा साहेबांच्या केबिनमध्ये कसा आपोआप मवाळ होतो ते मी बरंच पाहिलंय. शब्द जपायची अक्कल त्यांना असतेच, फक्त कुणासाठी जपायचे ते ठरलेलं असतं.

आता तुमच्या दोन सहकाऱ्यांकडे वळते. ‘मूकबधिर’वर चिडलेल्या बाईंचं म्हणणं भावनेपुरतं नाही, तो शब्द मुळात चुकीचा आहे. त्यांना ऐकू येत नाही; मुक्या त्या नाहीत, त्यांच्याकडे अख्खी खुणांची भाषा आहे आणि बहुधा आवाजही आहे. ‘मूक’ म्हटलं की यांना काही सांगायचंच नाही असं समोरचा धरून चालतो. वांद्रे रेक्लमेशनच्या, १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अली यावर जंग या वाचा-श्रवण क्षेत्रातल्या राष्ट्रीय संस्थेच्या नावातला ‘हँडिकॅप्ड’ गेला, ‘डिसॅबिलिटीज’ आला, पुढे कंसात ‘दिव्यांगजन’ आलं. तुम्हाला मात्र एवढी यातायात नको. ‘कर्णबधिर’ लिहा. त्यांना फक्त ‘बधिर’ चालत असेल तर तसं लिहा, बऱ्याच जणांना चालतं. ‘श्रवणदोष’ सौम्य वाटला तरी मी टाळते, त्यात उगाच दोष चिकटतो. फॉर्म दुरुस्त करा आणि ‘चुकीचा शब्द छापला, बदललाय’ एवढं त्यांना लिहून कळवा. तीन परिच्छेदांची माफी लिहू नका. तशी माफी आली की समोरच्यालाच तुमची समजूत काढत बसावं लागतं.

अंध सहकारी तुमच्या शब्दाला हसले नाहीत, तुमच्या अडखळण्याला हसले. प्रत्येक वाक्याआधी तुम्ही श्वास घेत असाल तर तो त्यांना ऐकू येतो. आणि मुळात दर मेलमध्ये त्यांच्या डोळ्यांचा उल्लेख लागतोच कशाला? तुम्ही मला पाठवलेला मसुदा असा आहे: ‘आपल्या विभागात दृष्टिदिव्यांग सहकारी रुजू झाले असून सर्वांनी त्यांच्या भावना जपून, आपुलकीने सहकार्य करावे.’ हे वाचून त्यांच्याशी नेमकं काय करायचं ते कुणालाच कळणार नाही, फक्त सगळे जरा दबून वागतील. मी असं लिहीन:

‘नवे सहकारी सोमवारपासून तिसऱ्या मजल्यावर बसतात. ते अंध आहेत आणि संगणकावर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरतात. स्कॅन केलेली कागदपत्रं स्क्रीन रीडरला नीट वाचता येत नाहीत, त्यामुळे फाइल वर्डमध्ये, युनिकोड फॉन्टमध्ये टाइप करून पाठवावी. मीटिंगमध्ये बोलण्याआधी आपलं नाव सांगावं. पॅसेजमध्ये खोके ठेवू नयेत.’

पाठवण्याआधी हा मसुदा त्यांच्याकडे जाऊ द्या. ‘अंध’ खटकलं तर ते बदलतील. नाव सांगायची गरज नाही, मी आवाजावरून ओळखतो, असं म्हणाले तर ते वाक्य काढा. खोक्यांचं वाक्य मात्र त्यांनी नको म्हटलं तरी ठेवा, पॅसेज सगळ्यांचाच असतो.